आधी फोन, मग हॉटेल

पत्र

ताई, आम्ही सध्या नाशिकला असतो. मूळचे कोल्हापूरचे नाही, पण लग्नानंतरची अकरा वर्षं शाहूपुरीत कुंभार गल्लीजवळ भाड्यानं काढली. मिस्टर शिरोली एमआयडीसीत होते. मुलगी तिथंच झाली. 2014 ला नोकरी बदलली आणि इकडे आलो, मुलगा इकडचा. आता सासूबाई (वय 74) म्हणतात, मे महिन्यात एकदा नेऊन आण, अंबाबाईचं दर्शन घेऊ, गल्लीत सगळ्यांना भेटू, केशवराव भोसलेत एखादं नाटक लागलं असेल तर बघू. नाट्यगृह जळाल्याचं आम्ही त्यांना अजून सांगितलेलं नाही.

मिस्टरांनी हायवेलगतचं स्विमिंग पूलवालं हॉटेल काढलंय. चार दिवस, जोतिबा, पन्हाळा आणि जमलं तर गल्ली. तिथल्या एका वहिनींना हे कळलं तर त्या फोनवर म्हणाल्या, “हॉटेलात उतरलासा तर दारात उभं करून घेणार न्हाई.” मुलगी बारावी होऊन बसलीय, तिला यायचंच नाही.

आणखी एक. आमच्या समोर मूर्तिकारांचं घर होतं. त्या घरातली माझी मैत्रीण. माझी मुलगी अर्धी तिनंच वाढवली. 2019 च्या पुरात तिचं घर गेलं. मी फोन लावला, लागला नाही. मग करू म्हणत राहिलं. 2021 ला परत पूर आला तेव्हा कुठल्या तोंडानं करू असं झालं. तिच्या मुलाचं लग्न झालं, मला दुसऱ्यांकडून समजलं, पत्रिका आली नाही. सरळ तिच्या दारात जाऊन उभी राहिले आणि मिठी मारली तर जाईल का सगळं विसरून? की जाऊच नये? आणि उतरावं कुठं?

उत्तर

तुमचं मूळ पत्र सहा पानी आहे, इथं आवरून दिलंय. त्या सहा पानांत हॉटेलाची दोन पानं आहेत आणि मैत्रिणीच्या जेमतेम दहा ओळी. त्या दहा ओळींतच खाडाखोड मात्र तीन ठिकाणी. म्हणून सुरुवात तिथून करते. हॉटेल कुठं पळून जात नाही.

जावं की नाही हा प्रश्न तर नाहीच. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई “एकदा नेऊन आण” म्हणते तेव्हा ते पुढच्या वर्षावर टाकायचं नसतं. जा. पण एकही खोली बुक करायच्या आधी मैत्रिणीला फोन करा.

दारात जाऊन मिठी मारायचा बेत सोडून द्या. आपल्याकडं दारात आलेल्या माणसाला कुणी माघारी लावत नाही. ती पाण्याचा तांब्या देईल, चहा टाकेल, सासूबाईंच्या पाया पडेल, मुलीला जवळ घेईल. हे सगळं ती मनातून तुमच्यावर जळफळत असली तरी करेल, कारण चारचौघांत दुसरं काही करायची सोयच तुम्ही तिला ठेवलेली नसेल. फोनवर तसं नसतं. फोनवर ती गप्प राहू शकते, “आत्ता आठवण झाली व्हय?” म्हणू शकते, ठेवूनही देऊ शकते. तेवढी मोकळीक तिला द्या. ती बोलून घेईपर्यंत त्या घरातला चहा तुमच्या घशाखाली उतरायचा नाही.

नाशिकला पूर म्हणजे काय हे कुणी शिकवायला नको. तुम्ही गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी चढलं ते बघता, इथं पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचे फूट मोजतात. 39 ला इशारा, 43 ला धोका. 2019 च्या ऑगस्टात पंचगंगा तिथं 55 फुटांच्या वर गेली आणि उतरायचं नाव घेईना. शिरोलीजवळ हायवे बंद, पेट्रोल नाही, उपसा केंद्रं बुडाल्यामुळं नळाला पाणी नाही. चौफेर पाणी आणि प्यायला टँकरची वाट. त्यात मूर्तिकाराचं घर. त्या वर्षी चतुर्थी 2 सप्टेंबरला होती, म्हणजे पाणी घुसलं तेव्हा वर्षभराचं काम घरात मांडून ठेवलेलं. कच्ची शाडूची मूर्ती पाण्यात उभी राहत नाही, बसून जाते. ॲडव्हान्स घेतलेला, मूर्ती गेलेली, आणि वायदा तोंडावर. त्यातून ते घर कसंबसं वर येतंय तोवर 2021 चा जुलै.

आता फोनवर काय बोलायचं. रेंज नव्हती, लाइन बंद होत्या, हे सांगू नका. पहिल्या आठवड्यापुरतं ते खरं आहे, पुढच्या वर्षांचं काय? “मी फोन करायला पाहिजे होता. केला नाही,” एवढं म्हणा आणि थांबा. थांबणं अवघड जाईल, तरी थांबा. मग विचारा, पाणी कुठवर आलं होतं? इतक्या वर्षांनी हे विचारायचं म्हणजे वरातीमागून घोडं, असं तुम्हाला वाटेल. पण पूर बघितलेल्या घरात हा प्रश्न शिळा होत नाही. कुठल्या पायरीपर्यंत, कुठल्या कोनाड्यापर्यंत, माळ्यावर काय चढवलं, काय राहिलं, सासऱ्यांना कुणी खांद्यावर बाहेर काढलं, सांगायला लागली की अर्धा तास सरेल. त्या अर्ध्या तासात “आमच्याकडं पण तेव्हा” असं एकही वाक्य तुमच्या तोंडून येऊ देऊ नका.

आणि मदतीचं काही बोलू नका. त्या दिवसांत महाराष्ट्रभरातून ट्रक भरभरून कोल्हापुरात आले. चादरी, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, कपडे. तुमच्या चादरीवाचून तिचं अडलं नव्हतं. अकरा वर्षं समोर राहिलेलीनं कशी आहेस म्हणावं, इतकंच राहिलं.

पत्रिकेचा विषय मात्र काढायचाच नाही. हिशेब मांडायला बसलात तर तिचं पारडं जड आहे. उलट नवी सून तुम्ही पहिल्यांदाच बघणार, तर तिच्यासाठी एक साडी घ्या. आहेर उशिरा पोचला म्हणून कोल्हापुरात कुणी परत करत नाही.

बाकी नेण्याचं विचारलंय तुम्ही. चिवडा न्या. बेदाणे आणू नका. तासगाव आमच्या शेजारी आहे, इथं बेदाणे घेऊन येणं म्हणजे गुऱ्हाळात गूळ नेणं. पण खरी न्यायची गोष्ट तुमच्या कपाटात आहे आणि तुम्ही पत्रात ती नुसती ओझरती लिहिलीय. मुलीच्या बारशाचा आणि गल्लीतल्या गणपतींचा अल्बम. पुरानं घरातल्या भांड्यांचं फार नुकसान होत नाही, ती घासून वापरता येतात. फोटो जातात. चिखलात एकमेकांना चिकटतात आणि सोडवायला गेलं की चेहरा निघून येतो. तेव्हा तुमचे अल्बम काढून बसा आणि ज्या ज्या फोटोत तिच्या घरची माणसं आहेत ते सगळे बाजूला काढा. मागं उभे असलेले, कडेला अर्धे कापले गेलेले, कुणाच्या तरी कडेवर बसलेले, सगळे. तिची सासू एखाद्या फोटोत कोपऱ्यात तांदूळ निवडत बसलेली असेल, तोसुद्धा. चांगल्या कागदावर मोठ्या प्रती काढून घ्या. मोबाईलवर पाठवू नका, हातात द्यायला न्या. आणि देताना “पुरात गेले असतील ना तुमचे” असं म्हणायची काही गरज नाही.

आता उतरायचं. मिस्टरांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. पाच माणसं चार दिवस कुणाच्या घरी उतरणं आता बरं नाही. वहिनी म्हणतात ते प्रेमानं म्हणतात, पण पाच जणांचा तांबडा-पांढरा त्या एकट्याच रांधणार, हे त्यांच्या मिस्टरांना माहीत नसलं तरी तुम्हाला माहीत असायला हवं. शिवाय सासूबाईंना रात्री दोनदा उठावं लागतं, गुडघे दुखतात, कमोड लागतो, हे तुम्हीच लिहिलंय. तेव्हा लॉजच. पण हायवेवरचं नको. तिथून गल्लीत यायचं म्हणजे प्रत्येक वेळी गाडी काढा, पार्किंग शोधा, आणि “जमलं तर गल्ली” मधलं ते जमत नाही ते असंच. मध्यवर्ती बसस्थानक आणि स्टेशन रोडच्या आसपास लॉज भरपूर आहेत, तिथून शाहूपुरी पायी होते. लिफ्ट आहे का ते तेवढं विचारून घ्या. स्विमिंग पूल हुकला म्हणून मिस्टर कुरकुरतील. (चार दिवस हॉटेलातच काढू म्हणणाऱ्या पुरुषांपैकी बऱ्याच जणांना पूल नकोच असतो, लोकांच्या हॉलमध्ये दोन दोन तास बसायचं संकट टाळायचं असतं.) त्यांना एक अख्खी सकाळ सोडून द्या. शिरोलीच्या जुन्या शिफ्टमधली मंडळी गोळा करून मिसळ खायला जाऊ देत, वर कट मागून घेऊ देत. तेवढं झालं की उरलेले दिवस ते सरळ वागतील.

वहिनींना मात्र लॉजवर पोचल्यावर सांगू नका, आजच सांगा, आणि त्याच फोनवर एक गोष्ट त्यांच्याकडून मागून घ्या: एक रात्र सासूबाई आणि मुलगी त्यांच्याकडं झोपायला. दोन माणसांची एक रात्र कुणालाही जड नाही, आणि “आमच्याकडं उतरल्या होत्या” हे त्यांना गल्लीत सांगता येतं. ते सांगता यावं म्हणूनच त्यांचा सगळा धाक आहे.

तुमच्या जुन्या घराबद्दल थोडं कडू लिहिते. ते तुमचं घर नव्हतं, भाड्याचं होतं, आणि आता तिथं दुसरं कुणी राहतं. मालकांमार्फत किंवा मैत्रिणीमार्फत आधी विचारा. दहा मिनिटं, फक्त बाहेरची खोली आणि जमलं तर गच्ची. राहणारी बाई स्वतःहून आत या म्हणाली तरच स्वयंपाकघर. “इथं आमचं देवघर होतं” हे एकदा म्हणून झालं की पुरे, तिनं काय बदललं त्यावर सासूबाईंना टिप्पणी करू देऊ नका, आणि मुलांना मोबाईल खिशात ठेवायला सांगा. ती चहाचा आग्रह करेल. घ्या. नकार दिला तर तिला वाटेल, घर बघायला आले आणि घर आवडलं नाही. ती नको म्हणाली तर वाईट वाटून घेऊ नका, गल्लीतून गच्ची दिसते.

सासूबाईंचं सगळ्यात नाजूक आहे आणि ते तुम्ही दोन ओळींत उरकलंय. त्यांच्या बरोबरीच्या किती बायका आता आहेत? वहिनींना विचारून नावं लिहून घ्या, कोण आहे, कोण गेलं, कोण मुलाकडं पुण्याला गेलं, कुणाला ओळख पटत नाही. आणि हे सासूबाईंना नाशिकला असतानाच सांगा, घरी, बसवून. दारात उभं राहून “आई कुठायत?” विचारल्यावर सुनेनं खाली बघायचं, ही वेळ त्या दोघींवरही येऊ देऊ नका. जिथं माणूस गेलंय तिथं पहिल्या दिवशी सकाळीच जाऊन या, मिठाई न नेता, आणि तिथून उठून लगेच हसतखेळत दुसऱ्या घरी जेवायला जायचं ठरवू नका.

नाट्यगृहाचंही तेव्हाच सांगून टाका. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते जळालं. 1915 पासूनची वास्तू, दुसऱ्या दिवशी ज्यांच्या नावाचं ते नाट्यगृह त्या केशवरावांची जयंती. त्या रात्री माणसं रस्त्यावर उभी राहून रडली. पुन्हा उभारणीचं काम हाती घेतलं, पण सासूबाईंना आठवतंय ते लाकूडकाम गेलं. न सांगता नाट्यगृहाच्या बाजूला, खासबागेकडं रिक्षा वळवलीत तर त्यांना तिथंच सावरत बसावं लागेल. त्यांनी तिथं कुठली नाटकं बघितली ते प्रवासात विचारा, बोलत राहतील.

अंबाबाईला पहाटेच जा. सुट्टीत दिवस वर आला की रांग आवरत नाही. गुडघे बोलत असतील तर मुखदर्शनाची वेगळी रांग आहे, त्यात कमीपणा काही नाही. दुपारी एक ते चार कुणाच्याही दारात जायचं नाही. मे महिना आहे, माणसं जेवून आडवी झालेली असतात. चारनंतर वळीव येऊ शकतो, छत्री ठेवा. आणि दिवसाला दोनच घरं. तुमच्या यादीत सतरा आहेत, तिला कात्री लावा. नाहीतर प्रत्येक ठिकाणी पोहे, चहा, फोटो, “निघतो, अजून दोघांकडं जायचंय”, आणि बोलणं कुणाशीच नाही. बाकीच्यांना एका संध्याकाळी रंकाळ्यावर बोलवा, भेळ तुमच्याकडून. तिथं उठायची घाई यजमानाला नसते नि पाहुण्यालाही नसते.

पन्हाळा अर्ध्या दिवसात होतो. 2025 साली मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले त्यात तो आहे, तेव्हा मिस्टरांचा हट्ट अगदीच वाया नाही. जोतिबा त्याच रस्त्याला आहे, एका दिवसात दोन्ही उरका.

मुलीला ओढून नेऊ नका, पण न नेताही येऊ नका. “केवढी झाली गं, कडेवर घेतलीय मी तुला” हे तिला जाईल तिथं ऐकावं लागणार, आणि सतरा-अठराव्या वर्षी ते तिसऱ्या घरानंतर सोसत नाही. तिला तसं आधी सांगून ठेवा आणि तिसऱ्या घरानंतर तिची सुटका करा. ती पाच-सहा वर्षांची असताना गल्ली सोडलीत, म्हणजे तिला थोडंफार आठवत असणार, तुम्हाला आठवतं त्याहून वेगळं. तुमच्या मैत्रिणीकडं तिला एकटीला एक दुपार जाऊ द्या. तुम्ही नसताना त्या दोघी काय बोलतील ते तुम्ही असताना बोलणार नाहीत.

मुलाची काळजी नको, तो दहा वर्षांचा आहे आणि त्याला कुंभार गल्ली मिळणार आहे. मे महिना तिथं ऐन कामाचा, कारण पावसाळ्यात मूर्ती वाळत नाही, साचे आणि वाळवण उन्हातच आटपून घ्यावं लागतं. दारात, कट्ट्यावर, जिन्यावर पांढरे कोरे गणपती ओळीनं, अजून ना डोळे ना दागिने, काहींना सोंडही जोडायची असते. हात लावू का म्हणून विचारलं तर कुणीतरी त्याच्या पुढ्यात शाडूचा गोळा टाकेलच. सदरा जुना घाला. संध्याकाळी त्याला गंगावेशीत दूध कट्ट्यावर न्या, समोर म्हैस पिळून फेसाळ ग्लास हातात देतात. नाशिकला पिशवीतलं दूध पिणारा पोरगा पहिल्यांदा नाक मुरडेल.

पण हे काम चालू असताना म्हणजे तुमची मैत्रीणही कामात बुडालेली असणार. फोन सकाळी करू नका, ऊन असतं तोवर तिचे हात मोकळे नसतात. रात्री साडेआठनंतर करा, तिचं जेवण झाल्यावर.

शेवटच्या पानावर तुम्ही विचारलंय, तिनं उचललाच नाही तर? दोनदा करा, दोन वेगवेगळ्या दिवशी. मग एक मेसेज: आम्ही मे महिन्यात येतोय, आई येतायत, तुला भेटायचंय, तू म्हणशील तेव्हा. माफीचं लांबलचक पुराण त्यात घालू नका, ते लिखित ठेवण्यापेक्षा ऐकवलेलं बरं. त्यालाही उत्तर नाही आलं तर वहिनींना मध्ये घालू नका, त्या समेट घडवायला जातील आणि सगळ्या गल्लीला कळेल. तरीही या. सासूबाई तिच्या घरी जातीलच, त्यांचं तिच्याशी काही बिनसलेलं नाही. फोटोंचं पाकीट आणि साडी त्यांच्याबरोबर द्या, चिठ्ठी न ठेवता, आणि त्या वेळेला तुम्ही लॉजवरच थांबा. फोन मात्र चार्ज करून ठेवा.